न वाचता खेळलेला खेळ



या वेळचा लेख पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर नाही, एका जुन्या व्हिडिओ गेमवर आहे. नाव 'ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी'. तुमच्यापैकी जे आज तिशी-पस्तिशीत आहेत, त्यांना नुसतं 'व्हाइस सिटी' म्हटलं तरी पुरे. बाकीच्यांनी कंटाळू नये. लेख खेळाबद्दल कमी आणि वाचनाबद्दल जास्त आहे.

दहा रुपये तास

2006 साली मी आठवीत होतो. आमच्या सेनगावात एका झेरॉक्सच्या दुकानात दोन कॉम्प्युटर आले. तासाला दहा रुपये. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळे लाइट कधी येणार त्यावर आमची हजेरी ठरायची. एका कॉम्प्युटरपुढे चार-पाच पोरं. एक खेळायचा, बाकीचे सूचना द्यायचे.

व्हाइस सिटी हा 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मोकळ्या जगाचा खेळ. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या रॉकस्टार नॉर्थ या कंपनीने तो बनवला. 2002 मध्ये प्लेस्टेशनवर आला, 2003 मध्ये कॉम्प्युटरवर. अमेरिकेतल्या मायामीसारखं दिसणारं एक शहर, काळ 1986 चा. त्या शहरात खेळणाऱ्याने कुठेही जावं, कुठलीही गाडी घ्यावी. कथा पुढे न्यायची तर 'मिशन' करावी लागतात. नाही केली तरी कुणी अडवत नाही.

आम्ही मिशन कधी केलीच नाहीत. कारण साधं होतं. मिशनच्या सूचना इंग्रजीत होत्या.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं जून 2000 मध्ये. माझी तुकडी त्याच्या एकच वर्ष आधी पहिलीत बसली होती, त्यामुळे आम्ही एबीसीडी गिरवली ती थेट पाचवीत. आठवीत पडद्यावर इंग्रजी ओळ आली की नजर आपोआप खाली जायची. मध्येच पात्रं बोलायला लागली की मागून चार आवाज यायचे, "उडव उडव, टाइम चाललाय!" बटण दाबलं की प्रसंग गायब. मग पुन्हा गाडी घ्यायची आणि भटकायचं.

आमचा इंग्रजीचा पहिला पाठ

एक गोष्ट मात्र आम्ही पाठ केली होती. चीट कोड. पी-ए-एन-झेड-ई-आर टाइप केलं की रणगाडा हजर. ज्या पोराला 'बिकॉज'चं स्पेलिंग येत नव्हतं, तो 'ॲस्पिरिन'चं कोडातलं स्पेलिंग शेवटच्या जादा 'ई'सकट न चुकता टाकायचा. पोलीस मागे लागले की एक लांब कोड, 'लिव्हमेआलोन'. आम्ही तो असाच एका दमात म्हणायचो. आम्हाला ते कुठल्या तरी औषधाचं नाव वाटायचं.

अकरावीत एक दिवस वही उघडताना एकदम लक्षात आलं, हे एक नाव नाही. हे तीन शब्दांचं वाक्य आहे : लीव्ह मी अलोन. मला एकटं सोडा! दोन-तीन वर्षं मी बारा अक्षरं रोज बरोबर लिहीत होतो आणि त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता.

शिक्षक म्हणून मला हे आज फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या वर्गातली किती तरी मुलं इंग्रजीचं उत्तर असंच लिहितात. अक्षर सुंदर, स्पेलिंग अचूक, पाचपैकी पाच गुण. पण ते 'लिव्हमेआलोन' असतं. कोड टाकला, गुण आले, विषय संपला.

या वेळी वाचलं

2012 मध्ये हा खेळ मोबाइलवरही आला. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो घेतला. मोबाइलला वेगळा कीबोर्ड जोडल्याशिवाय जुने कोड टाकता येत नाहीत, म्हणून सूचना वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिला धक्का शहराचा. आठवणीत ते मुंबईएवढं होतं. प्रत्यक्षात या टोकाहून त्या टोकाला गाडीने काही मिनिटांत पोचलो.

दुसरा धक्का पुलाचा. सुरुवातीला पलीकडच्या बेटावर जाणारे पूल बंद असतात. आमची पक्की समजूत होती की दुकानवाल्याने ते लॉक केलेत, जास्त पैसे दिले की उघडतील. खरं कारण खेळातच सांगितलेलं आहे : वादळाचा इशारा आहे म्हणून पूल बंद. काही मिशन पूर्ण केली की उघडतात. म्हणजे दार बंद नव्हतंच, दारावरची पाटी आम्हाला वाचता येत नव्हती.

तिसरी गोष्ट अजून मजेची. या खेळात मारामारीशिवाय साधी कामंही आहेत. ॲम्ब्युलन्समधून रुग्ण पोचवण्याचे सलग बारा टप्पे पार केले की नायक पळताना दमत नाही. आगीच्या बंबाचे बारा टप्पे केले की त्याला आग लागत नाही. स्कूटरवरून पिझ्झा पोचवण्याचे दहा टप्पे केले की त्याची ताकद शंभरावरून दीडशे होते. जी ताकद आम्ही कोडाने उसनी घ्यायचो, ती मेहनतीने कायमची मिळत होती.

पण वाचायला लागल्यावर खेळातलं वाईटही नीट दिसलं, तेही सांगायला हवं. हा खेळ हिंसेचा आहे, गुन्हेगारीचा आहे, त्यात बायकांचं चित्रण हलकं आहे. अमेरिकेत त्यावर 17 वर्षांखालच्यांसाठी नाही असा शिक्का होता. 2003 मध्ये तिथल्या हैती वंशाच्या लोकांनी या खेळातल्या आपल्याबद्दलच्या वाक्यांवरून निदर्शनं केली आणि कंपनीने पुढच्या प्रतींमधून आक्षेपार्ह वाक्य काढलं. आम्ही तेरा वर्षांची पोरं तो खेळ खेळत होतो. शिक्का आमच्यापर्यंत पोचला नाही, निदर्शनंही नाहीत. न वाचणाऱ्याचं चांगलंही हुकतं आणि धोक्याची सूचनाही हुकते.

छापखान्यातला प्रसंग

एका प्रसंगापाशी मात्र मी खेळ थांबवला.

नायक टॉमी व्हर्सेटी पंधरा वर्षं तुरुंगात काढून आलेला गुंड. उत्तरार्धात तो एक जुना छापखाना विकत घेतो. तिथल्या म्हाताऱ्या कामगाराला तो सांगतो की आपले वडील अशाच यंत्रांवर काम करायचे. संध्याकाळी आपण त्यांच्याबरोबर बसून रूळ पुसायचो. त्यांचाच धंदा पुढे चालवायचा विचार होता, पण आयुष्य दुसरीकडे गेलं. प्रसंग मिनिटभराचा. पुढे त्याच छापखान्यात तो खोट्या नोटा छापतो.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी गिऱ्हाईक जास्त असायचं. दगडांना टाकी लावायची, पट्टा बदलायचा, पीठ झाडायचं, कामं खूप. मी "क्लासला जातो" म्हणून निघायचो आणि दुकानात जाऊन बसायचो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना खरं सांगितलं. वीस वर्षांनी. ते म्हणाले, "ठाऊक होतं की. एकदा बघून गेलतो दारातून. टीव्हीवर गाडी पळू लागली होती. मला वाटलं, लेकरू कॉम्प्युटर शिकू लागलंय. म्हणून काही बोललो नाही."

मी काय बोलणार? मी आत बसून वाचत नव्हतो, आणि त्यांना बाहेरून वाचता येत नव्हतं. दोघंही एकाच पडद्यासमोर अडाणी. फरक एवढाच की त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

वर्गात काय केलं

हा खेळ वर्गात आणायचा नाही, हे उघड आहे. पण त्याची रचना घेता येते. सातवीच्या वर्गात मी हा उपक्रम घेतला :

1. गटाने सेनगावचा नकाशा काढायचा. बसस्टँड, तहसील, ग्रामीण रुग्णालय, आठवडी बाजार, शाळा, आपलं शेत.
2. नकाशावर तीन ठिकाणी 'मिशन' ठेवायचं. प्रत्येकाची सूचना इंग्रजीत, जास्तीत जास्त तीन छोट्या वाक्यांत.
3. वही दुसऱ्या गटाला द्यायची. त्यांनी सूचना वाचून मराठीत काय समजलं ते सांगायचं. समजलं तरच पूल उघडणार.
4. कोणी न समजता नुसतं वाचून दाखवलं, तर सगळ्यांनी ओरडायचं, "लिव्हमेआलोन!"

एका मुलीने लिहिलं, आजोबांचा डबा घेऊन लाइट यायच्या आत शेतात पोचायचं, नाही तर मोटार चालू करायला कोणी नाही. एका मुलाचं मिशन होतं : "गो टू बँक. स्टँड इन लाइन. कम बॅक टुमारो." मी म्हटलं, अरे हे पूर्ण कसं होणार? तो म्हणाला, "सर, होतच नाही. आजीला विचारा." व्याकरणाची एकही चूक नव्हती आणि अर्थ सगळ्या वर्गाला समजला होता. मी पैकीच्या पैकी दिले.

पालकांसाठी

मोबाइल हिसकावून घेणं सोपं आहे, पण त्याने मूल दुसऱ्याच्या मोबाइलवर जातं. त्याआधी दोन गोष्टी करून पाहा. एक, प्ले स्टोअरवर खेळाच्या नावाजवळ वय लिहिलेलं असतं : 3, 7, 12, 16, 18. ते स्वतः पाहा. 18 असेल तर सहावीतल्या मुलाला 'नाही' म्हणा आणि कारणही सांगा.

दोन, अर्धा तास शेजारी बसा आणि हे विचारा : यात तू कोण आहेस? आत्ता तुला काय करायला सांगितलंय, वाचून दाखव. सांगितलेलं केलं नाहीस तर काय होतं? तुम्हाला इंग्रजी येत नसेल तर उलट चांगलं. मुलाला तुम्हाला मराठीत समजावून सांगावं लागेल, आणि समजावून सांगताना त्याला स्वतःलाही समजेल.

दारातून बघून परत जाऊ नका, एवढंच. बाबांना मी हा लेख वाचून दाखवला. ते म्हणाले, "आता तो गेम दाखव एकदा." दाखवला. पाच मिनिटं पाहून त्यांनी विचारलं, "हा माणूस घरी कधी जातो?"

तुमच्या वर्गातले 'लिव्हमेआलोन' कोणते, ते जरूर कळवा.