विज्ञान म्हणजे अनुभवाचं ज्ञान

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १ आणि २

विज्ञान म्हटलं की आपल्याला शाळेतली प्रयोगशाळा आठवते. इथे मात्र भगवंत अर्जुनाला 'विज्ञानासह ज्ञान' सांगतो असं म्हणतात. मग हे विज्ञान कोणतं?

'ज्ञा' हा धातू, म्हणजे जाणणे. त्याला 'वि' उपसर्ग लागला की विशेष रीतीने जाणणे. शंकराचार्यांनी भाष्यात इथे विज्ञानाचा अर्थ अनुभव असाच घेतलाय. लगेच दुसऱ्या श्लोकात या ज्ञानाला 'प्रत्यक्षावगम' म्हटलंय, म्हणजे ज्याची प्रचिती स्वतःला प्रत्यक्ष येते असं. माउली मात्र सातव्या अध्यायात विज्ञान म्हणजे प्रपंचाचं ज्ञान असं सांगतात.

मला वाटतं, साधकाला दोन्ही अर्थ हवेत. कारण अनुभव घ्यायची आपली जागा प्रपंचच आहे. क्षमेवरचा श्लोक पाठ आहे, हे झालं ज्ञान. पण घरातलं म्हातारं माणूस तोच प्रश्न चौथ्यांदा विचारतं, तेव्हा आवाज न चढवता उत्तर दिलं, तर त्या श्लोकाचं विज्ञान झालं. नाहीतर पाठांतर वाढत जातं आणि घरातली माणसं मात्र आपल्याला बिचकूनच राहतात.

आज नवीन श्लोक नको. पाठ असलेला एकच घेऊ आणि रात्रीपर्यंत जगून पाहू.

जय हरी.