शाळेंतील प्रामाणिकपणा : शिक्षकांकरितां एक धडा

मुलांस खरें बोलावयास शिकवा, असें आपण शिक्षकांस नेहमीं सांगतों, व तेही आपल्यापरी तसें करितात. सकाळीं फळ्यावर सुविचार लिहिला जातो, मुलें तो एका सुरांत म्हणतात, आणि त्यानंतरच्याच तासाला शेजाऱ्याच्या पाटीवर डोळा ठेवून गणितें सोडविलीं जातात. मुलें ढोंगी आहेत असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु या गोष्टीचा काळजीपूर्वक शोध झालेला आहे, व खेड्यांतील शिक्षकासही तो ठाऊक असला पाहिजे.

अमेरिकेंत ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे या दोघां विद्वानांनीं १९२४ सालीं हें काम हातीं घेतलें. फसवणुकीविषयींचा त्यांचा ग्रंथ १९२८ सालीं निघाला. हार्टशॉर्न हे स्वतः धर्मशिक्षणाच्या कार्यांतले गृहस्थ होते. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारें ११,००० मुलांची त्यांनीं परीक्षा पाहिली. "तूं खरा आहेस काय?" असें विचारून हें कळत नाहीं; त्याचें उत्तर सर्वच सारखें देतात. म्हणून त्यांनीं मुलांच्या उत्तरांच्या कागदांची गुपचूप नक्कल करून ठेविली, आणि मग ते कागद परत देऊन मुलांस स्वतःच गुण घालावयास सांगितलें. ज्यानें मागाहून उत्तर बदललें त्याचें कृत्य नकलेवरून उघड होई. दुसरी परीक्षा अशी कीं, डोळे मिटून कागदावरील लहान वर्तुळांत पेन्सिलीनें खुणा करावयाच्या. डोळे खरोखर मिटले असतां बहुतेक खुणा चुकावयाच्याच. ज्याच्या सर्व खुणा नेमक्या पडल्या तो मधून मधून पाहत होता, हें निराळें सांगावयास नको. खेळाच्या पेट्यांत नाणीं ठेवून तीं परत येतात कीं नाहीं, हेंही त्यांनीं पाहिलें. फसवणूक मोजण्यासाठीं मुलांपासून एवढें लपवावें, हें आम्हांस थोडें खटकतें. पण जें हातीं आलें तें मोलाचें आहे.

त्यांस असें आढळलें कीं, खरीं मुलें एका बाजूस व खोटीं दुसऱ्या बाजूस अशी वाटणी करितांच येत नाहीं. वर्गांत नक्कल करणारें मूल नाण्यास हात लावीत नसे. नाण्याचा मोह न होणारें मूल खेळांत डोळे किलकिले करून पाही. एका प्रसंगावरून दुसऱ्याचा अंदाज फार थोडा लागे. पुढें १९६३ सालीं बर्टन नांवाच्या विद्वानानें तेच आंकडे पुन्हा तपासले, तेव्हां सर्व प्रसंगांत टिकणारा असा प्रामाणिकपणाचा थोडा अंश मुलांत असतो असें त्यास दिसलें. पण तो थोडाच. आपणांस विचार करावयास लावणारी आणखी एक गोष्ट म्हणजे, शब्बाथ शाळेस नियमित येणें व प्रामाणिकपणा यांचा फारसा संबंध त्यांस आढळला नाहीं. उलट एका वर्गांतील मुलें वागण्यांत एकमेकांसारखीं होत, आणि जेथें शिक्षक व मुलें यांच्यांत मोकळेपणा असे तेथें फसवणूक कमी होई.

हें जर खरें, तर एकदां पेन्सिल उचललेल्या मुलास "चोर" म्हणून हांक मारणें हा केवढा अन्याय आहे! तें मूल सगळेंच चोर नाहीं; त्या एका जागीं तें घसरलें. परंतु हांक सर्व जागीं त्याच्या मागें येते, गांवांत जाते, घरीं जाते, आणि कांहीं मुलें त्या हांकेमुळें शाळाच सोडतात.

सद्गुण उपदेशानें नव्हे तर रोजच्या व्यवहारानें शिकविण्याचें उदाहरण आपल्या देशांत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, व कष्ट करून शिकत. समतेवर व्याख्यान देण्याची वेळच येत नसे. भाकरी सर्वांची एका तव्यावरची असे. मुलांच्या अन्नासाठीं भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने विकले. त्याग म्हणजे काय, हें त्या मुलांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

आतां माझी स्वतःची एक गोष्ट सांगतों. मी तरुणपणीं एका खेड्यांत शिक्षक होतों. तपासणीसाहेब यावयाचे होते. मीं मुलांस शिकवून ठेविलें : प्रश्न विचारला कीं सर्वांनीं हात वर करावा, ज्यास उत्तर येतें त्यानें उजवा, ज्यास येत नाहीं त्यानें डावा. साहेब खूष होऊन गेले, शेराही चांगला मिळाला. दोन महिन्यांनीं एका मुलास मीं नक्कल करतांना धरलें व खरेपणावर बराच वेळ बोललों. त्यानें मान खालीं घालून ऐकून घेतलें, आणि मग अगदीं भोळेपणानें विचारलें, "गुरुजी, हें डाव्या हातासारखें नाहीं का?" मजजवळ उत्तर नव्हतें. त्या दिवशीं मीं त्यास शिक्षा केली नाहीं. पण सर्व वर्गासमोर माझी चूक कबूल करण्यास मला आणखी आठ दिवस लागले, हेंही येथें लिहिलें पाहिजे.

शिक्षकांनीं पुढील आठवड्यांत एक गोष्ट करून पाहावी. दहा शब्दांचें श्रुतलेखन घालून तें मुलांस स्वतःच तपासावयास द्यावें. छडी बाजूस ठेवावी, गुणही घालूं नयेत; जो आपली चूक सांगेल त्यास ती सुधारण्यास वेळ द्यावा व जवळ बसून मदत करावी. फळ्यावर लिहितांना आपल्याकडून चूक झाली तर ती प्रथम आपणच दाखवावी. पहिल्या दिवशीं पुष्कळ मुलें चुका झांकतील. त्यांस नांवें ठेवूं नयेत, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा दहा शब्द घालावे.