जायबंदी क्वार्टरबॅक, त्याचा करार आणि डॉक्टरांचा अभिप्राय

अमेरिकन फुटबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही, आणि त्यावर एका बालरोगतज्ज्ञाने लिहावे हे तर अधिकच विचित्र वाटेल. तथापि या खेळातील खेळाडू आणि संघ यांच्यातील करारांचे जे तंटे गेल्या वीस वर्षांत गाजले, त्यांतील अनेकांच्या मुळाशी एखाद्या डॉक्टरचा अभिप्राय आहे, किंवा तो अभिप्राय प्रतिकूल येईल ही भीती आहे. म्हणून क्रीडापानापेक्षा आपल्या स्मरणिकेत हा विषय अधिक शोभेल असे मला वाटते.

प्रथम थोडी ओळख करून देतो. क्वार्टरबॅक हा संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू त्याच्या हाती येतो आणि तो कोणाकडे फेकायचा हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचे असते. तेवढ्या वेळात प्रतिपक्षाचे सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे गडी त्याला आडवे करण्यासाठी धावून येतात. खांदा, गुडघा आणि डोके ही त्याची नाजूक स्थाने. संघात सर्वाधिक वेतन बहुधा त्यालाच असते. परंतु वृत्तपत्रांत छापला जाणारा कराराचा आकडा आणि खरोखर हमी असलेली रक्कम यांत पुष्कळ अंतर असते. नॅशनल फुटबॉल लीगमधील संघ खेळाडूला मध्येच करारमुक्त करू शकतो आणि मग हमी नसलेली पुढील वर्षांची रक्कम बुडते. काही रकमेची हमी मात्र केवळ दुखापतीपुरती असते. म्हणजे खेळाडू धडधाकट असेल तर त्याला ती न देता सोडता येते. पण ठरलेल्या दिवशी तो वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण होऊ शकला नाही, तर ती द्यावीच लागते. शिवाय प्रत्येक संघाच्या वार्षिक वेतनखर्चाला कमाल मर्यादा असल्यामुळे एका खेळाडूवर अडकलेली रक्कम दुसऱ्यावर खर्च करता येत नाही.

आता २००६ सालच्या वसंतातील दोन रुग्ण पाहू. सॅन डिएगो संघाच्या ड्र्यू ब्रीस याचा चेंडू फेकण्याचा उजवा खांदा ३१ डिसेंबर २००५ रोजी, हंगामाच्या अखेरच्या सामन्यात निखळला. लॅब्रम फाटले आणि रोटेटर कफलाही इजा झाली. बर्मिंगहॅम येथील प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी शस्त्रक्रिया केली. ब्रीसचा करार नेमका त्याच वेळी संपत होता, आणि संघाकडे फिलिप रिव्हर्स हा तरुण क्वार्टरबॅक तयार होता. सॅन डिएगोने देऊ केलेल्या रकमेचा मोठा भाग खेळल्यासच मिळणारा होता. अर्थात खांद्याचा धोका संघाने खेळाडूच्याच पदरात टाकला. ब्रीस बाहेर पडला. दुसरा रुग्ण मिनेसोटाचा डाँटे कल्पेपर. त्याच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध ऑक्टोबर २००५ मध्ये तुटले होते.

मायामीच्या संघाला या दोघांपैकी एक हवा होता. प्रशिक्षक निक सेबन यांचा कल ब्रीसकडे होता. परंतु संघाच्या डॉक्टरांनी खांदा तपासून प्रतिकूल मत दिले. तो पूर्ववत होण्याची शक्यता २५ टक्के सांगितली गेली, असे ब्रीसने नंतर अनेकदा सांगितले आहे. मायामीने कल्पेपरला घेतले. ब्रीसला न्यू ऑर्लीन्सने सहा वर्षांसाठी ६ कोटी डॉलरचा करार दिला. कल्पेपर मायामीकडून २००६ मध्ये अवघे चार सामने खेळला. गुडघ्याने साथ दिली नाही. पुढे त्याला सरावापासून दूर ठेवण्यावरून संघाशी त्याचा वाद झाला आणि जुलै २००७ मध्ये तो करारमुक्त झाला. ब्रीसने मात्र पहिल्याच हंगामात चेंडू फेकून मिळवलेल्या अंतरात लीगमध्ये अग्रक्रम पटकावला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्सला अजिंक्यपद मिळवून दिले. तो अंतिम सामना मायामीच्याच मैदानावर झाला, हा योगायोग.

ही कथा सहसा मायामीच्या डॉक्टरांना हसण्यासाठी सांगितली जाते. मला ते न्याय्य वाटत नाही. भाकीत चुकले म्हणजे तपासणी चुकली असे होत नाही. २५ टक्के शक्यता असलेल्या चार रुग्णांपैकी एक बरा व्हायचाच, आणि तो ब्रीस असू शकतो. खरा प्रश्न निराळा आहे. हे २५ टक्के कशाचे? पूर्वीइतक्या वेगाने चेंडू फेकण्याचे, की केवळ मैदानात उभे राहण्याचे? सहा महिन्यांत, की दोन वर्षांत? डॉक्टर शक्यता सांगतो. व्यवस्थापन तिचे ‘हो’ किंवा ‘नाही’ करते. आणि कल्पेपरच्या गुडघ्याचे काय? तीन अस्थिबंध तुटलेला गुडघा काही निर्धोक नव्हता. दोन्ही संघांपुढे अनिश्चितताच होती. एकाने ती किंमत देऊन पत्करली.

त्याच वर्षी टेनेसी संघाने याहून चमत्कारिक पाऊल उचलले. स्टीव्ह मॅकनेअर हा त्यांचा अनेक दुखापती सोसलेला ज्येष्ठ क्वार्टरबॅक. त्या वर्षीच्या वेतनमर्यादेत त्याच्या नावावर २ कोटी ३४ लाख डॉलरहून अधिक रक्कम धरली गेली होती. आपल्या व्यायामशाळेत त्याला काही इजा झाली तर ती रक्कम गळ्यात पडेल, या भयाने संघाने त्याला तेथे व्यायाम करण्यास मज्जाव केला. खेळाडू संघटनेने तक्रार केली. लवाद जॉन फीरिक यांनी हा करारभंग असल्याचा निर्णय दिला, आणि काही दिवसांतच मॅकनेअर बाल्टिमोरकडे गेला. माणसाला पगारावर ठेवून काम करू न देणे हा प्रकार केवळ सरकारी खात्यांत होतो, अशी माझी समजूत होती.

पुढे हेच लोण पसरले. वॉशिंग्टनच्या रॉबर्ट ग्रिफिनला २०१६ साठी सुमारे १ कोटी ६१ लाख डॉलरची दुखापतीपुरती हमी होती. २०१५ च्या संपूर्ण हंगामात तो एकदाही मैदानात उतरला नाही आणि मार्च २०१६ मध्ये त्याला सोडण्यात आले. डिसेंबर २०२२ मध्ये डेरेक कारला लास व्हेगास संघाने शेवटच्या दोन सामन्यांतून वगळले. तो जायबंदी झाला असता तर ४ कोटी ४ लाख डॉलर देणे बंधनकारक झाले असते. डेन्व्हरच्या रसेल विल्सनने २०२३ च्या अखेरीस उघड सांगितले की, ३ कोटी ७० लाखांची दुखापत-हमी सोडून देण्यासाठी संघाने आपल्यावर दडपण आणले होते. त्याला वगळण्याचे कारण केवळ खेळ असल्याचे प्रशिक्षकांचे म्हणणे होते. जखमी माणसाच्या संरक्षणासाठी लिहिलेले कलम असे निरोगी माणसाला बाकावर बसवू लागले. यात कोणाही डॉक्टरने काही केलेले नाही. उद्या तो काय लिहील या धास्तीनेच सर्व घडले.

मग संघाचा डॉक्टर नेमका कोणाचा? वेतन संघाचे, रुग्ण खेळाडू. खेळाडू संघटना आणि लीग यांच्या २०११ च्या करारात स्पष्ट लिहिले गेले की, उपचार करताना संघाच्या डॉक्टरचे प्रथम कर्तव्य संघाप्रती नसून खेळाडू-रुग्णाप्रती आहे. संघाच्या खर्चाने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा आणि शल्यविशारद निवडण्याचा अधिकारही खेळाडूला आहे. जखमी असताना काढून टाकले असे वाटल्यास त्याला दाद मागता येते. मग तटस्थ डॉक्टर त्याला तपासतो आणि प्रकरण लवादापुढे जाते. व्यवस्था चांगली आहे. मात्र करारापूर्वी तपासणारा डॉक्टर उपचार करीत नसतो, तो एका अर्थी मूल्यमापक असतो. ब्रीसला मायामीत भेटले ते असे डॉक्टर. ही दुसरी भूमिका रुग्णाला पहिल्याच वाक्यात सांगितली पाहिजे, असे माझे मत आहे.

आपल्याकडे कोट्यवधी डॉलर नाहीत, पण कागद तोच आहे. शाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आम्हां बालरोगतज्ज्ञांकडे ‘फिटनेस’च्या दाखल्यांसाठी रांग लागते. शाळेला एक शब्द हवा असतो, आणि त्या शब्दाबरोबर धोका आमच्या सहीखाली सरकवायचा असतो. दम्याच्या मुलाला मी तो एक शब्द देत नाही. तपासणीची तारीख, त्या दिवशी आढळलेली स्थिती, धावण्यापूर्वी घ्यायचे औषध आणि कोणत्या लक्षणावर थांबायचे, एवढे लिहून देतो. पुष्कळदा तो कागद परत येतो, ‘नुसते फिट लिहा’ या निरोपासह.

धोका उघडपणे मांडून वाटून घेता येतो, याचेही उदाहरण आहे. इंडियानापोलिसच्या पेटन मॅनिंगच्या मानेवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या आणि २०११ चा सारा हंगाम बुडाला. २ कोटी ८० लाख डॉलर देय होण्याच्या तोंडावर, ७ मार्च २०१२ रोजी, संघाने त्याला मुक्त केले. डेन्व्हरने पाच वर्षांसाठी ९ कोटी ६० लाखांचा करार केला. पण दुसऱ्या वर्षापासूनची हमी मानेच्या नव्या तपासणीवर अवलंबून ठेवली. दोघांनीही ते डोळसपणे मान्य केले. मॅनिंग तेथे चार हंगाम खेळला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये अजिंक्यपद मिळवून निवृत्त झाला. इंडियानापोलिसने त्याच्या जागी आणलेला अँड्र्यू लक खांदा, बरगड्या, पोटरी अशा एकामागून एक दुखापतींनी गांजून ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्त झाला. करारानुसार सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर संघाला त्याच्याकडून परत मागता आले असते. संघाने ते मागितले नाहीत.