गावाची तंदुरुस्ती

‘तंदुरुस्ती’ हा शब्द उर्दूत आहे आणि मराठीतही आहे. माणसाची तंदुरुस्ती आपण नेहमी म्हणतो. गावाची तंदुरुस्ती असे कोणी म्हणत नाही. पण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात दोन डॉक्टरांनी नेमका असाच विचार केला.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण घेतले. शहरात त्यांचा दवाखाना सहज चालला असता. ते १९७० साली जामखेडला आले. हा भाग दुष्काळी. त्या वेळी येथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके वर्षाची होण्याआधीच दगावत.

डॉक्टरांनी औषधे दिली. जुलाबाने आजारी पडलेले मूल बरे होऊन घरी जाई, तेच गढूळ पाणी पिई आणि पुन्हा आजारी पडे. मग नुसत्या औषधाचा काय उपयोग?

त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले, ‘‘तुम्हांला काय हवे?’’ लोक म्हणाले, ‘‘पाणी आणि अन्न.’’ रुग्णालय कोणी मागितले नाही! १९७२ च्या दुष्काळात गावोगाव कूपनलिका खोदून हातपंप बसवण्याचे काम सुरू झाले. त्यांतील अनेक हातपंप डॉक्टरांनी मुद्दाम दलित वस्तीत बसवले. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नसत, त्यांच्याच दारी आता सारा गाव घागर घेऊन येऊ लागला. अस्पृश्यतेवर भाषणे पुष्कळ झाली होती. हातपंपाने त्यांच्यापेक्षा जास्त काम केले असे मला वाटते.

पुढे गावांत शेतकरी मंडळे झाली, महिला मंडळे झाली. पण रोज घरोघर जाणार कोण? शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहायला तयार होईनात. तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडली. या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. कित्येक दलित होत्या. काहींना नवऱ्याने टाकले होते. घरातही ज्यांचे कोणी ऐकत नसे, त्या आता गावाला आरोग्य शिकवणार होत्या.

त्या शिकायला जामखेडला येत. सुरुवातीला एकमेकींच्या शेजारी बसायलाही काहीजणी बिचकत. हळूहळू त्या एकत्र जेवू लागल्या, एकाच मोठ्या गोधडीखाली झोपू लागल्या.

त्या काय शिकल्या? मुलाला जुलाब झाले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा हवा. मीठ जास्त पडले तर अपाय होतो. बाळाची नाळ स्वच्छ पात्याने कापावी. गरोदर बाईने कमी खाल्ले तर बाळ लहान राहून सुटका सोपी होते, असा तेव्हा समज होता. सासूसमोर बसून तो खोडून काढणे हे साखर-मिठापेक्षा कितीतरी अवघड काम होते! पण ती बाई परकी नव्हती. एका घरातले मूल वाचले, की शेजारची सासू आपणहून तिला बोलावी.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० नंतरच्या काही वर्षांत बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ३० च्या खाली आले. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली वारले. त्यांनी सुरू केलेल्या या केंद्रात देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी शिकायला आले. त्यांना शिकवणाऱ्यांत, कधीही शाळेत न गेलेल्या या बायकाही होत्या.

स्वाध्याय

१. बरे झालेले मूल पुन्हा आजारी का पडे?
२. हातपंप दलित वस्तीत बसवल्याने काय बदलले?
३. ‘बिचकणे’, ‘दगावणे’, ‘खोडून काढणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. तुमच्या मोहल्ल्यात पिण्याचे पाणी कोठून येते, ते घरी विचारून पाच ओळी लिहा.