परक्या कॉम्प्युटरवर आपली पट्टी

वाङ्मय मंडळाच्या अंकात माऊसवर लेख कशाला, असं कुणीतरी विचारणारच. उत्तर सोपं आहे. फेस्टमधल्या गेमिंगला नाव देणारी बरीच मंडळी आपल्याच मंडळात आहेत. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा समावेश बहुक्रीडा स्पर्धांमध्ये केला, त्यामुळे 'टाइमपास' म्हणून हा विषय आता उडवून लावता येत नाही. तेव्हा त्यातली एक अगदी लहान, पण हमखास रडवणारी गोष्ट नीट समजून घेऊ.

घरी तुमचा नेम बरा लागतो. स्पर्धेच्या ठिकाणी मात्र निशाण लक्ष्याच्या पुढे निघून जातं, किंवा अलीकडेच थांबतं. दोन राउंड हरल्यावर मुलं म्हणतात, "आज हातच चालत नाहीये." हात तोच असतो. बदललेलं असतं ते हात आणि पडदा यांच्यातलं प्रमाण, आणि ते तीन ठिकाणी ठरतं. पहिलं, माऊसचा डीपीआय, म्हणजे माऊस एक इंच सरकला की कॉम्प्युटरला किती पावलं कळवतो. दुसरं, विंडोजमधला पॉइंटरचा वेग. तिसरं, गेममधली सेन्सिटिव्हिटी. यातली एक जरी गोष्ट वेगळी निघाली, तरी महिनोन् महिने हाताला लावलेली सवय वाया जाते.

गवयाचं बघा. ग्वाल्हेरची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणली, आणि तिथून ती गावोगाव गेली. प्रत्येक गावात पेटी वेगळी, तबला वेगळा. पण गाणारा काळी एक म्हणाला की सगळी वाद्यं तिथे मिळवून घेतात. गवई पेटी सोबत नेत नाही, पट्टी नेतो. माऊसचीही अशी पट्टी असते, आणि गंमत म्हणजे ती मोजायलाही पट्टीच लागते, शाळेतली, तीस सेंटिमीटरची.

गेममध्ये दाराच्या कडेवर निशाण ठेवा. माऊस एकाच दिशेने सरकवत पूर्ण गोल फिरा आणि पुन्हा त्याच कडेवर या. माऊस जितका सरकला, तितके सेंटिमीटर ही तुमची पट्टी. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी असेल तर हे अंतर साधारण ४१ सेंटिमीटर भरतं (पट्टी दोनदा लावा). तोच माऊस घेऊन काउंटर-स्ट्राइक २ खेळायचं असेल, तर व्हॅलोरंटचा आकडा ३.१८ ने गुणायचा: ०.४ चे १.२७ होतात. गेममधला आकडा बदलला, हाताचं अंतर तेच राहिलं. म्हणून मित्राला "तुझी सेन्सिटिव्हिटी किती?" एवढंच विचारण्यात काही अर्थ नसतो. डीपीआय माहीत नसेल तर तो आकडा मुका आहे.

आता डीपीआयही माहीत नसेल तर? दिवाळीच्या सुट्टीत मी ग्वाल्हेरला एका मैत्रिणीकडे होते, दाना ओलीत. (त्या 'ओली'त मला तरी आपली 'ओळ' ऐकू येते. भाषातज्ज्ञांनी काय ते ठरवावं.) तिच्या काकांच्या दुकानातला बिलांचा कॉम्प्युटर दुपारी रिकामा असे. "पण बिलं बनवायची असतात, जसं होतं तसं करून ठेवा," एवढी एकच अट. त्यावर जुनं काउंटर-स्ट्राइक १.६ चालायचं, आणि माऊस होता कुठल्याही ऑफिसात असतो तसला. सरावाला याहून परका कॉम्प्युटर मिळणार नाही.

पट्टी लावली, तर माऊस हळू सरकवल्यावर एक अंतर आणि झटक्यात सरकवल्यावर दुसरंच. हे 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू असल्याचं लक्षण. नाव मोठं गोड आहे, पण ते हाताच्या वेगानुसार पॉइंटरचं अंतर बदलतं, म्हणजे मोजपट्टीच रबराची होते. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये माऊसच्या पानावर जाऊन ती खूण काढली आणि पॉइंटरचा वेग अकरा खाचांपैकी बरोबर मधल्या, सहाव्या खाचेवर ठेवला. मूळची सेटिंग आधी कागदावर उतरवून घेतली होती, ती संध्याकाळी परत लावली. व्हॅलोरंटसारखे नवे गेम विंडोजची ही सेटिंग सहसा बाजूला ठेवून थेट माऊसकडून हालचाल घेतात, पण जुन्या गेमचा भरवसा नाही.

मग अंतर दर वेळी १४ सेंटिमीटरच येऊ लागलं. सेन्सिटिव्हिटी होती ३. हवे होते ४१ सेंटिमीटर. सातवीतलं त्रैराशिक: ३ गुणिले १४ भागिले ४१, म्हणजे १.०२. एवढा आकडा टाकला आणि मैत्रिणीचा हात ओळखीच्या वाटेने चालायला लागला. डीपीआय किती, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही.

स्वतःचा माऊस नेणार असाल तर त्याची मेमरी तपासा. काही माऊस सेटिंग स्वतःमध्येच साठवतात, काहींची सेटिंग घरच्या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्येच राहते. भावाच्या लॅपटॉपला लावून बघा, लगेच कळेल. डीपीआयची एकच पायरी ठेवा, बाकीच्या काढून टाका. चाकाखालचं बटण ऐन वेळी दाबलं जातंच. पोलिंग रेट १००० हर्ट्झ पुरे.

स्पर्धेच्या जागी सॉफ्टवेअर टाकू देतील, हे मात्र गृहीत धरू नका. २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीमस्लँड स्पर्धेत एका भारतीय संघातला खेळाडू नेम धरून देणारा प्रोग्राम वापरताना पकडला गेला. फाइलला नाव 'वर्ड'चं दिलेलं होतं. संघ बाद झाला आणि लवकरच बंदही पडला. आयोजक पेनड्राइव्ह बघितला की भुवया उंचावतात, ते काही उगाच नाही.

म्हणून आठवडाभर आधीच विचारून घ्या: माऊस आणि पॅड आणायचा का, खातं स्वतःचं की त्यांनी दिलेलं, सरावाला किती मिनिटं मिळणार? व्हॅलोरंटची बरीचशी सेटिंग तुमच्या खात्यासोबत येते, पण खातंच आयोजकांचं असलं तर सगळं हाताने भरावं लागतं. चिठ्ठीवर सेंटिमीटर, डीपीआय, सेन्सिटिव्हिटी आणि क्रॉसहेअरचा कोड लिहा. फोनमध्ये नको, फोन बाहेर ठेवायला सांगू शकतात. आणि बॅगेत ती तीस सेंटिमीटरची पट्टी टाका. लोक हसतील, हसू द्या.