शब्दांचा मान राखणारा संगीतकार

(गाणे सर्वांच्या ओठी असते, ते गाणाऱ्याचे नावही पुष्कळांना ठाऊक असते. परंतु कवितेला चाल देऊन तिचे गाणे करणारा संगीतकार बहुधा पडद्याआडच राहतो. अशाच एका मराठी संगीतकाराचा व त्याच्या कार्याचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव भोगावती नदीच्या काठी वसले आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला भातखाचरे आणि त्यांपलीकडे खाडी व मिठागरे असा हा मुलूख. गणेशमूर्तींमुळे पेणचे नाव दूरदूर पोहोचले आहे. मूर्तिकार मूर्ती घडवितो, रंगवितो, तिचे डोळे रेखाटतो. मूर्ती घरोघर पुजली जाते. पण ती ज्या हातांनी घडविली त्यांचे नाव त्या घरांत क्वचितच कोणाला ठाऊक असते. संगीतकाराचेही काहीसे असेच आहे. याच पेण गावी १ नोव्हेंबर १९२६ रोजी यशवंत देव यांचा जन्म झाला. त्या वेळी या जिल्ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळाले.

यशवंत देव वर्षाचेही झाले नव्हते, तोच मुंबईत एक नवे युग सुरू झाले. २३ जुलै १९२७ रोजी तेथे नभोवाणी केंद्राचे उद्‌घाटन झाले. त्यापूर्वी गाणे ऐकायचे तर देवळातील कीर्तनाला बसावे लागे, नाटकगृहात जावे लागे किंवा एखाद्या मैफलीचा लाभ व्हावा लागे. ध्वनिमुद्रिका निघू लागल्या होत्या. तथापि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. एवढ्या अल्पावधीत राग विस्ताराने कसा मांडावा? एखादी सुंदर कविता मात्र तेवढ्या वेळात सुरेख गाऊन होत असे. गायकांचे लक्ष कवितेकडे वळण्याचे हे एक कारण होय. गो. ना. जोशी, गजाननराव वाटवे इत्यादी गायकांनी कवींच्या कविता सुरांत गाऊन दाखविल्या, आणि मराठीत 'भावगीत' हा नवा गीतप्रकार रुजला.

नभोवाणीने या रोपट्याला पाणी घातले. १९३६ साली या संस्थेला 'ऑल इंडिया रेडिओ' असे नाव मिळाले व १९५७ पासून ती 'आकाशवाणी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९५५ साली रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची गीते व सुधीर फडके यांचे संगीत ऐकण्यासाठी वर्षभर लोक ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत. मराठी कविता व मराठी चाल यांच्या अंगी केवढे सामर्थ्य असते, हे तेव्हा सर्वांना उमगले.

यशवंत देव यांनी आपल्या आयुष्याची अनेक वर्षे याच आकाशवाणीच्या सेवेत घालविली. तेथे रोज नवे गाणे हवे असे. नवा कवी यावा, नवा गायक यावा, वादकांचा मेळ बसावा आणि ठरलेल्या घटकेला गाणे श्रोत्यांपुढे जावे, असा तो नित्याचा उद्योग. मुंबई केंद्राच्या 'भावसरगम' या कार्यक्रमातून नवी भावगीते घरोघर पोहोचत. रेडिओवरील श्रोत्याला गायकाचा चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ आवाज. अशा वेळी शब्द नीट ऐकू आला नाही, तर गीत वायाच गेले म्हणावयाचे.

कवितेला चाल लावणे म्हणजे नेमके काय करणे? हे काम वाटते तितके सोपे नाही. बोलण्यातले एक साधे वाक्य पाहा : 'आई आज घरी आली.' यातील 'आई' या शब्दावर जोर दिला, तर दुसरे कोणी नव्हे, आईच आली, असा अर्थ होतो. 'आज' या शब्दावर जोर दिला, तर इतके दिवस पाहिलेली वाट आज सरली, असे वाटते. 'घरी' या शब्दावर जोर दिला, की आई कोठून तरी दुरून परतली, हे ध्यानी येते. वाक्य तेच, पण जोर बदलला की भाव बदलतो. बोलताना हे काम आवाजाचा चढउतार करतो. गाण्यात तेच काम चालीला करावे लागते. ज्या शब्दात कवितेचा प्राण आहे, त्या शब्दाशी चालीने थांबावे, तो उंच सुरावर न्यावा किंवा हळुवार खाली आणावा लागतो. भलत्याच शब्दावर सूर लांबविला, तर कवीने सांगितले एक व श्रोत्याने ऐकले दुसरेच, अशी गत होते.

तालाचे बंधन आणखी निराळे. भावगीतांत दादरा व केरवा हे ताल पुष्कळदा योजतात. दादऱ्याच्या मात्रा सहा, केरव्याच्या आठ. या मोजक्या मात्रांत शब्द बसवायचे असतात, पण ते तोडायचे नसतात. 'दूर गेले गाव' ही ओळ घ्या. तालाच्या सोयीसाठी कोणी ती 'दूर गे – लेगाव' अशी गायिली, तर 'लेगाव' हे कोणते गाव, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडेल! विरामाचेही तसेच. 'थांबू नका, जा' आणि 'थांबू, नका जा' यांत अक्षरे तीच आहेत. पण विराम हलताच निरोपाची विनवणी होते. लिहिताना स्वल्पविराम कामी येतो. गाताना मात्र तो संगीतकारालाच सांभाळावा लागतो.

यशवंत देव यांनी हे तत्त्व जन्मभर जपले. भावगीताच्या गायनाला त्यांनी 'शब्दप्रधान गायकी' असे म्हटले व याच नावाचे पुस्तकही लिहिले. रागदारी गायनात सूर हा राजा असतो. तेथे एकच ओळ गायक घोळवून घोळवून गातो आणि शब्द सुरांमागून चालतात. त्या गायनाची थोरवी निःसंशय मोठी आहे. भावगीतात मात्र शब्दाला पुढचे आसन मिळते व सूर त्याची सेवा करतो. कविता अनेकदा वाचावी, मोठ्याने म्हणावी, तिचा अर्थ मनात मुरू द्यावा आणि मगच सुरांकडे वळावे, ही या गायकीची रीत. हे शिक्षण त्यांनी स्वतःपुरते ठेवले नाही. शिबिरे घेऊन त्यांनी होतकरू गायकांना शब्द कसा उच्चारावा, श्वास कोठे घ्यावा व भाव कसा प्रकट करावा, याचे धडे दिले.

त्यांच्या चालींपैकी अनेक मंगेश पाडगावकर यांच्या कवितांना लाभल्या आहेत. पाडगावकर हेही कोकण किनाऱ्याचेच. त्यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्यास झाला. कवी, संगीतकार व गायक अरुण दाते अशा तिघांच्या मिलाफातून जी गीते निघाली, त्यांत 'भातुकलीच्या खेळामधली' हे गीत अग्रगण्य आहे. त्यातील राजा व राणी मुलांच्या खेळातली आहेत, परंतु कहाणी आहे ताटातुटीची. येथे संगीतकाराने रडण्याचा आव आणला असता, तर खेळातले निरागसपण हरपले असते. चाल फार खेळकर केली असती, तर दुःख पोहोचले नसते. देव यांनी चाल साधी व संयत ठेवली. म्हणूनच ते गीत मनाला चटका लावून जाते. 'या जन्मावर, या जगण्यावर' या गीतात जगण्यावर प्रेम करण्याचा उपदेश आहे. परंतु चाल अशी मोकळी व प्रसन्न आहे, की तो उपदेश वाटतच नाही.

'कुठे शोधिसी रामेश्वर' हे गीत निराळ्या कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. हेही पाडगावकरांचेच. देव यांनी त्याला चाल दिली आणि ते गायिले सुधीर फडके यांनी. गीतरामायणाचे संगीतकार म्हणून ज्यांची कीर्ती झाली होती, त्यांनी दुसऱ्या संगीतकाराने बांधलेली चाल मनोभावे गावी, यात दोघांचाही मोठेपणा दिसतो. यशवंत देव स्वतः कवीही होते. 'कामापुरता मामा' या चित्रपटातील 'जीवनात ही घडी अशीच राहू दे' हे लता मंगेशकर यांनी गायिलेले गीत त्यांनीच लिहिले व त्यांनीच स्वरबद्ध केले. शब्द घडविताना किती कष्ट पडतात, हे ज्याला स्वानुभवाने ठाऊक असते, तो दुसऱ्याच्या शब्दाची हेळसांड कशी होऊ देईल?

कविता आणि सूर यांचे हे नाते केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत एरन कोपलंड (१९००–१९९०) या नावाचे एक थोर संगीतकार होऊन गेले. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात ते जन्मले आणि पॅरिसमध्ये त्यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. १९३७ साली त्यांनी खास रेडिओसाठी एक रचना केली. १९३९ साली, संगीत कसे ऐकावे हे सामान्य श्रोत्याला समजावून सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले. आणि १९५० साली एमिली डिकिन्सन या कवयित्रीच्या बारा कवितांना दिलेले संगीत पुरे केले. कविता, रेडिओ व ग्रंथलेखन ही तिन्ही अंगे यशवंत देव यांच्याही कार्यात आढळतात. दोघांच्या पद्धतींत मात्र अंतर आहे. पाश्चात्त्य संगीतकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहून ठेवतो आणि वादक तो वाचून वाजवितात. आपल्याकडे स्वरलेखनाची पद्धती आहे. तरी चाल मुख्यतः संगीतकाराच्या गळ्यातून गायकाच्या गळ्यात जाते. संगीतकार समोर बसून ओळ गाऊन दाखवितो, गायक ती पुनःपुन्हा म्हणतो, आणि शब्दाचा रंग मनासारखा उमटेपर्यंत ही तालीम चालते.

मुंबईत ३० ऑक्टोबर २०१८ रोजी यशवंत देव यांचे निधन झाले. ब्याण्णव वर्षे पुरी होण्यास केवळ दोन दिवस उरले होते. त्यांची गीते घरोघर पोहोचविणारे अरुण दाते त्याच वर्षीच्या मे महिन्यात निवर्तले होते. पाडगावकर तर २०१५ सालीच गेले होते. शान्ता शेळके यांची 'असेन मी नसेन मी' ही कविता देव यांनीच स्वरबद्ध केली व दाते यांनी गायिली आहे. गाणारा राहो वा न राहो, गाणे मागे उरते, असा तिचा आशय. लिहिणारी, चाल देणारा व गाणारा हे तिघेही आज हयात नाहीत, पण ते गीत लोकांच्या ओठी आहे. कवितेतील बोल असे खरे ठरले!

आकाशवाणीवर गीत लावताना कवी, संगीतकार व गायक या तिघांचीही नावे सांगण्याची चांगली प्रथा आहे. गायकाचे नाव झटकन स्मरते, कवीचेही पुष्कळांच्या लक्षात राहते. मधले नाव तेवढे निसटते. ते ऐकून ध्यानात ठेवण्यास विशेष श्रम पडत नाहीत. कवीचा शब्द न मोडता, न झाकता श्रोत्याच्या हृदयापर्यंत नेऊन पोहोचविणे हे ज्याने आपले व्रत मानले, त्याचे एवढे ऋण तर प्रत्येक श्रोत्याने मानलेच पाहिजे.

शब्दार्थ

मिठागर – समुद्राच्या पाण्यापासून मीठ तयार करण्याची जागा.
नभोवाणी – रेडिओ.
अल्पावधी – थोडा वेळ.
योजणे – उपयोगात आणणे.
संयत – आवरलेला, बेताचा.
स्वरबद्ध करणे – चाल लावणे.
हेळसांड – दुर्लक्ष, अनादर.
निवर्तणे – मृत्यू पावणे.

स्वाध्याय

१. भावगीत हा प्रकार मराठीत रुजण्यास कोणकोणती कारणे झाली?
२. रेडिओवर गाताना शब्दांच्या स्पष्टपणाला विशेष महत्त्व का असते?
३. रागदारी गायन व शब्दप्रधान गायकी यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. 'भातुकलीच्या खेळामधली' या गीताची चाल साधी व संयत ठेवण्यात कोणते औचित्य आहे?
५. एरन कोपलंड व यशवंत देव यांच्या कार्यातील साम्य व भेद लिहा.
६. 'दादा उद्या गावाला जाणार' हे वाक्य निरनिराळ्या शब्दांवर जोर देऊन म्हणा. प्रत्येक वेळी अर्थात कोणता फरक पडतो ते लिहा.
७. तुमच्या आवडीची पाच मराठी गीते निवडा. प्रत्येकाचा कवी, संगीतकार व गायक कोण, याचा शोध घेऊन वहीत नोंद करा.