न्यूयॉर्कला निघालीस? आधी तास मोज

अगं, एवढा लांबचा प्रवास पहिल्यांदाच आणि तोही एकटीनं म्हटल्यावर मनात धाकधूक असणारच. पण हिशेब पक्का असला ना, की निम्मी धास्ती उतरते. म्हणून तिकीट काढायच्या आधी जरा माझं ऐक.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण 12,500 किलोमीटर. विमान ताशी 900च्या आसपास जातं, म्हणजे 14 तास, असं तू म्हणशील. पण पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ, जवळची वाट रशिया, नॉर्वे, आइसलंडवरून जाते. ते आकाश सगळ्याच कंपन्यांना खुलं नसतं, मग वळसा पडतो. शिवाय उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून थेट विमानालाही जाताना 16 तास धर. येताना तास-दीड तास कमी.

आता तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नकोस. दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. जूनमध्ये रात्री 1 वाजता निघालीस, तर त्याच तारखेला सकाळी साडेसातला उतरशील. वाटेल साडेसहा तासांत पोचले. अंगावर मात्र पुरे 16 तास असतील. आणि हो, 15 तारखेचं रात्री 1 चं विमान म्हणजे 14 च्या रात्री विमानतळावर हजर! इथे भले भले चुकतात.

स्वस्त मिळतं म्हणून दुबई किंवा फ्रँकफर्टवरून जायचं असेल, तर मधला वेळ किमान अडीच-तीन तासांचा ठेव. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घे, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं, तरी पुढची सोय कंपनीनं करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढलीस, तर भुर्दंड तुझ्या माथी.

पुण्याहून निघणार असशील, तर विमानतळापर्यंतचे चार तास, तिथले तीन तास, विमानातले 16 आणि उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सगळं धरून घर ते घर सव्वीस-सत्तावीस तास होतात. त्या बेतानं खाणं, औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत ठेव. पॉवर बँकही तिथेच. मोठ्या बॅगेत ती चालत नाही. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठून चाल.

आणि पोचल्या दिवशी कुठलंही महत्त्वाचं काम ठेवू नकोस. झोपेचं गणित बसायला आठवडा लागला, तरी घाबरू नकोस. तिकीट घेताना हजार-दोन हजार वाचवण्यापेक्षा आपली झोप आणि जीव सांभाळ, बाई.